हे बटण आमच्या हद्दीत येत नाही

इमॅक्सच्या नवशिक्या उमेदवारांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

पात्रता

ज्यांनी इमॅक्स हा एडिटर नुकताच उघडला आहे आणि त्यात कंट्रोल-सी दाबून काहीतरी कॉपी करायचा प्रयत्न केला आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. काहीही कॉपी झालेलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. खालच्या पट्टीत दोन अक्षरं उमटली, त्यांच्यापुढे एक आडवी रेघ आली आणि एडिटर गप्प बसला. घाबरू नका. तो अडकलेला नाही, वाट बघतोय. त्याच्या मते तुम्ही अर्धंच वाक्य बोलून थांबला आहात, आणि उरलेलं अर्धं ऐकायला तो संध्याकाळपर्यंत थांबेल.

उमेदवाराकडे एक कीबोर्ड आणि दहा बोटं असावीत. डाव्या करंगळीवर विशेष माया असल्यास तिची आत्ताच समजूत काढून ठेवावी, कारण यापुढे कंट्रोलचं बटण तिच्याच वाट्याला आहे. आजवर शिकलेले शॉर्टकट सगळीकडे चालतात हा समज दाराबाहेर काढून आत यावं.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच दूर केलेला बरा. इमॅक्सने जगाचा नियम मोडला, असं नवे लोक म्हणतात. इमॅक्सचा जन्म १९७६ सालचा. एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये टेको नावाच्या एडिटरवर रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी रचलेल्या मॅक्रोंचा तो संच होता. आज आपण वापरतो तो जीएनयू इमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हातात आहे. एक्स, सी, व्ही या तिघांनी कापायचं, कॉपी करायचं आणि चिकटवायचं, हा रिवाज घरोघरी पोचला तो ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या संगणकांनंतर, म्हणजे १९८३-८४ च्या पुढे. नियम झाला तेव्हा इमॅक्स नोकरीत कायम झालेला होता. जुन्या कर्मचाऱ्याला नवा गणवेश घालायला लावणं किती अवघड असतं, हे सांगायला मार्गदर्शिका नको.

पाठ पहिला: डी दाबल्यावर डी का उमटतो

डी दाबला की पडद्यावर डी उमटणं हा निसर्गनियम आहे, असं बहुतेकांना वाटतं. इमॅक्समध्ये तो नुसता ठराव आहे. डी हे बटण ‘सेल्फ-इन्सर्ट-कमांड’ नावाच्या आदेशाला जोडलेलं आहे. ते दाबलं की तो आदेश चालतो, आणि तो चालला की डी उमटतो. एपासून झेडपर्यंत सगळी मंडळी याच एका आदेशाला जुंपलेली आहेत. कंट्रोल आणि मेटावाल्या बटणांना शॉर्टकट म्हणायचं आणि साध्या अक्षरांना ‘टायपिंग’ म्हणायचं, असा पंक्तिभेद इथे नाही. (मेटा म्हणजे तुमच्या कीबोर्डवरचं ऑल्ट. त्या नावाचं बटण जुन्या लिस्प यंत्रांच्या कीबोर्डवर असायचं. यंत्रं गेली, नाव राहिलं.)

खात्री करून घ्यायची असेल तर कंट्रोल-एच दाबा, मग के, मग डी. एक खिडकी उघडेल आणि सांगेल की डी हे बटण सेल्फ-इन्सर्ट-कमांड चालवतं. त्यापुढे कंसात बारीकसा मजकूर असतो: हे ‘ग्लोबल-मॅप’मध्ये सापडलं. नवशिके हा कंस वाचत नाहीत. तुम्ही तेवढाच वाचा.

आता कंट्रोल-एक्स आणि मग डी दाबून एखादा फोल्डर उघडा. या फायलींच्या यादीला डायर्ड म्हणतात. इथे डी दाबा. डी उमटेल खरा, पण मोठ्या लिपीतला, ओळीच्या अगदी डाव्या टोकाला. त्याचा अर्थ, ही फाइल पुसून टाकायची आहे. त्यानंतर एक्स दाबलात की इमॅक्स एकदा विचारेल आणि फाइल जाईल. एफ दाबलात तर फाइल उघडते, जी दाबलात तर यादी ताजी होते, क्यू दाबलात तर यादीच निघून जाते. इथे अजाणतेपणी स्वतःचं नाव टाइप करून बघू नये.

पुन्हा कंट्रोल-एच, के, डी करा. या वेळी कंसात ‘डायर्ड-मोड-मॅप’ लिहिलेलं दिसेल. बटण तेच, बोट तेच, फक्त हद्द बदलली.

आणि हद्द म्हणजे खिडकी नव्हे. त्याच यादीत कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबा. खिडकी तीच, यादी तीच, पण आता फायलींची नावं साध्या मजकुरासारखी खोडता-लिहिता येतात आणि डी पुन्हा गरीब डी होतो. नावं बदलून झाली की कंट्रोल-सी कंट्रोल-सी, आणि सगळ्या फायलींची नावं खरोखर बदलतात. शंभर फोटोंना एका दमात नवी नावं देण्याची इतकी साधी सोय क्वचितच सापडते. ज्यांना इमॅक्स नको असेल त्यांनीही एवढ्यासाठी ठेवावा.

पाठ दुसरा: चौक्यांची उतरंड

दोन गल्ल्यांच्या मधोमध पाकीट मारलं गेलं तर काय होतं, ते आपण सगळे जाणतो. या चौकीत गेलात तर ती त्या चौकीची हद्द, त्या चौकीत गेलात तर ती या चौकीची. इमॅक्समध्येही प्रत्येक बटण चौकी-चौकीतून फिरतं. प्रत्येक चौकीकडे ‘कीमॅप’ नावाचं रजिस्टर असतं, आणि त्यात त्या बटणाची नोंद आहे का ते पाहिलं जातं. फरक इतकाच की इथली चौकी तक्रार घ्यायला टपलेली असते. पहिलीने नोंद करून घेतली की पुढच्यांना गुन्हा घडल्याचंही कळत नाही.

सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या मागे, ग्लोबल-मॅप बसलेला असतो. कुणीच घेतलं नाही तर तो घेतो. त्याच्या पुढे मेजर मोडचा कीमॅप. प्रत्येक बफरला, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक फायलीला किंवा यादीला, एकच मेजर मोड असतो: पायथनच्या फायलीला पायथनचा, फोल्डरच्या यादीला डायर्डचा. त्याच्या पुढे मायनर मोड, म्हणजे वरून चालू-बंद करायच्या जादा सोयी, आणि हे एका बफरमध्ये कितीही असू शकतात. त्यांच्याही पुढे, थेट मजकुराच्या एखाद्या तुकड्याला चिकटवलेला कीमॅप असतो, म्हणजे ती चौकी फक्त त्या अक्षरांपुरतीच. इमॅक्समधल्या ईडब्ल्यूडब्ल्यू या ब्राउझरमध्ये कर्सर लिंकवर ठेवून रिटर्न दाबलं की पान उघडतं. कर्सर लिंकच्या बाहेर एक अक्षर सरकू द्या, तेच रिटर्न काही उघडत नाही.

याच्याही वर एक खास जागा आहे, ती तात्पुरती भरली जाते. कंट्रोल-एस दाबून शोध सुरू केलात की शोधाचा कीमॅप तिथे जाऊन बसतो. तेवढ्या वेळात तुम्ही टाइप केलेली अक्षरं मजकुरात न जाता शोधात जातात, आणि कंट्रोल-एस म्हणजे ‘पुढचं शोधा’. शोध संपला की तो खुर्ची रिकामी करून निघून जातो. अशी माणसं दुर्मीळ असतात.

सगळ्या चौक्यांनी हात वर केले तर खालच्या पट्टीत त्या बटणाचं नाव येतं आणि पुढे ‘इज अनडिफाइन्ड’. नवशिक्यांना हा अपमान वाटतो. उलट ती आनंदाची बातमी आहे: ही जागा रिकामी आहे, इथे तुम्ही तुमचा शॉर्टकट बांधू शकता.

भांडण कुठे लागतं? दोन मायनर मोडनी एकाच बटणावर हक्क सांगितला की लागतं. मग जो शेवटी चालू केला तो जिंकेल, असं वाटेल. तसं नसतं. मायनर मोडच्या कीमॅपची एक यादी असते आणि त्या यादीत जो पुढे, तो जिंकतो. यादीतलं स्थान साधारणपणे कोणतं पॅकेज आधी लोड झालं आणि कोणतं नंतर, यावरून ठरतं. त्यामुळे मोड चालू-बंद करत बसण्यात अर्थ नाही. पण नवशिके हेच करतात, आणि योगायोगाने कधीतरी जमलं की तेच औषध दुसऱ्यांनाही सांगतात.

पाठ तिसरा: कंट्रोल-सीचा तह

आता सुरुवातीच्या त्या कंट्रोल-सीकडे येऊ. हे बटण स्वतः काही करत नाही. ते दार आहे. त्याच्या पुढे काय दाबाल त्यावर सगळं अवलंबून. दारापलीकडची जमीन कुणाची, याचा एक लेखी तह झालेला आहे, आणि तो इमॅक्स लिस्पच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये छापलेला आहे.

तहाची कलमं अशी. कंट्रोल-सी आणि पुढे साधं अक्षर, मोठं किंवा लहान, ही जागा फक्त वापरणाऱ्याची. कोणत्याही पॅकेजने तिथे पाय ठेवायचा नाही. एफ-पाच ते एफ-नऊ ही बटणंही एकटी दाबली तर वापरणाऱ्याचीच. कंट्रोल-सी आणि पुढे कंट्रोलसह अक्षर किंवा एखादा आकडा, ही मेजर मोडची जागा. महिरपी कंस, कोनी कंस, कोलन आणि सेमीकोलनही मेजर मोडलाच दिलेले आहेत. उरलेली विरामचिन्हं मायनर मोडची.

या तहाची अंमलबजावणी करणारं कुणी नाही. पॅकेजने अतिक्रमण केलं तर इमॅक्स अडवत नाही, दंड करत नाही, चेतावणीही देत नाही. तरीही बहुतेक पॅकेजं तह पाळतात, आणि मला या प्रकाराचं फार अप्रूप वाटतं. ऑर्ग मोडचं उदाहरण घ्या. नोंदी, कामांच्या याद्या, अजेंडा यासाठी लोक इमॅक्सकडे येतात ते बहुधा ऑर्गमुळेच. कंट्रोल-सी ए म्हणजे अजेंडा, कंट्रोल-सी सी म्हणजे झटपट नोंद, हे ऑर्ग वापरणाऱ्या कुणालाही पाठ असतं. पण ऑर्ग स्वतः ही बटणं बांधत नाही, कारण ती जागा त्याची नाही. त्याच्या मॅन्युअलमध्ये नुसती सूचना असते की तुम्ही स्वतः असं बांधून घ्या. मग जगभरचे लोक तीच ओळ आपापल्या इनिट फायलीत (इमॅक्स सुरू होताना वाचतो ती) लिहितात आणि तिला स्वतःची निवड म्हणतात.

दारांविषयी एक धोका सांगून ठेवतो. कंट्रोल-सी एफला तुम्ही एखादा आदेश बांधला असेल आणि नंतर कंट्रोल-सी एफ एक्स असं तीन पायऱ्यांचं काही बांधायला गेलात, तर इमॅक्स साफ नकार देतो आणि सांगतो की ही सुरुवात प्रीफिक्सची नाही. एकच बटण दारही असेल आणि खोलीही, हे त्याला चालत नाही. याच कारणाने पुढच्या चौकीने कंट्रोल-सी हे अख्खं बटणच एखाद्या आदेशाला देऊन टाकलं, तर मागच्या सगळ्या चौक्यांच्या कंट्रोल-सीवाल्या नोंदी जागच्या जागी मुक्या होतात. घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा इथेच.

पाठ चौथा: माउस

माउसच्या क्लिकही याच रजिस्टरांत नोंदलेल्या असतात. बाकी पाठ वगळला आहे.

पाठ पाचवा: ज्यांना कंट्रोल-सीनेच कॉपी करायचं आहे

हट्टी उमेदवारांसाठी सीयूए मोड आहे. तो चालू केला की एक्स, सी, व्ही, झेड सगळे जगासारखे वागू लागतात. (सीयूए हे आयबीएमच्या जुन्या मानकाचं नाव. गंमत म्हणजे त्या मूळ मानकात कापणं आणि चिकटवणं शिफ्टसोबत डिलीट आणि इन्सर्टने व्हायचं. पण नाव लागायला कर्तृत्व लागतंच असं नाही.)

मग कंट्रोल-सी या दाराचं काय होतं? मजकूर निवडलेला असेल तर ते बटण कॉपी करतं, निवडलेला नसेल तर पूर्वीसारखं दार. कंट्रोल-एक्सचंही तसंच. आता समजा मजकूर निवडलेला आहे आणि तुम्हाला फाइल सेव्ह करायची आहे, म्हणजे कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस. इमॅक्सने काय समजायचं? तो सेकंदाचा पाचवा भाग थांबतो. तेवढ्यात पुढचं बटण आलं तर ते दार, नाही आलं तर कापला मजकूर. म्हणजे हद्द ठरवणाऱ्या गोष्टींत मोड, कर्सर आणि निवड यांच्या जोडीला आता तुमच्या बोटांचा वेगही आला. चपळ माणसाची फाइल सेव्ह होते, निवांत माणसाचा परिच्छेद गायब होतो. निवांत माणसांसाठी शिफ्ट धरून दाबण्याची पळवाट ठेवली आहे. माझं मत विचाराल तर महिनाभर मेटा-डब्ल्यूने कॉपी करा आणि कंट्रोल-वायने चिकटवा, सवय होते.

पाठ सहावा: स्वतःचं बटण बांधणे

इनिट फायलीत ‘ग्लोबल-सेट-की’ लिहून तुम्ही कंट्रोल-स्वल्पविरामाला आपला लाडका आदेश बांधलात. सगळीकडे चालतो. ऑर्गच्या फायलीत गेलात आणि तेच बटण भलत्याच अजेंडा फायलीत नेऊन सोडतं. ऑर्गच्या कीमॅपमध्ये त्या बटणाची नोंद आहे, आणि ऑर्ग मेजर मोड असल्यामुळे त्याची चौकी ग्लोबलच्या आधी लागते. ‘ग्लोबल’ हे नाव ऐकून ज्यांना अखिल भारतीय अधिकार मिळाल्यासारखं वाटतं, त्यांनी लक्षात ठेवावं की इथे ग्लोबल म्हणजे सगळ्यात शेवटचा.

मग ‘लोकल-सेट-की’ वापरू, असं हुशार उमेदवार म्हणतो. नुसतं या फायलीपुरतं. नाव तर तसंच सांगतं. पण बफरचा लोकल कीमॅप म्हणजे त्याच्या मेजर मोडचा कीमॅप, आणि तो त्या मोडच्या सगळ्या बफरांत सामाईक असतो. तुम्ही एका पायथन फायलीत बटण बांधलंत की उघड्या असलेल्या सगळ्या पायथन फायलींत ते बांधलं जातं. खरोखर एकाच बफरपुरतं काही हवं असेल तर स्वतःचा छोटा मायनर मोड लिहून तो तेवढ्याच बफरमध्ये चालू करावा. चार ओळींचं काम आहे, आणि सगळीकडे जिंकायचं असेल तरी रस्ता हाच: स्वतःचा मायनर मोड सगळीकडे चालू ठेवायचा, म्हणजे मेजर मोड आपोआप मागे पडतो.

याहून वरची जागाही आहे. इव्हिल नावाचं पॅकेज इमॅक्समध्ये व्हिम हा दुसरा एडिटर अख्खा आणून बसवतं, ते मायनर मोडच्याही पुढच्या एका यादीतून. बाइंड-की या पॅकेजची तारांकित आवृत्तीही तिथूनच काम करते. एकेकाळी ती जागा शांत होती. आता तिथेही रांग असते.

पाठ सातवा: इमॅक्सच्या आधीच्या चौक्या

काही बटणं इमॅक्सपर्यंत पोचतच नाहीत. टर्मिनलमध्ये टॅब आणि कंट्रोल-आय हे एकच. आस्की या अक्षरक्रमांकांच्या तक्त्यात आयचा क्रमांक ७३, कंट्रोलने त्यातून ६४ वजा होतात, उरतात ९, आणि ९ म्हणजे टॅब. कंट्रोल-एम आणि रिटर्नचंही तसंच. त्यामुळे कंट्रोल-आयला हौसेने काही बांधाल तर टॅबही त्याच्यामागे जाईल.

मराठी लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. मॅकवर एकाहून अधिक भाषांचे कीबोर्ड ठेवले असतील तर कंट्रोल-स्पेस भाषा बदलतं. इमॅक्समध्ये तेच बटण निवड सुरू करण्याचं. तुम्ही निवड करायला जाता, निवड होत नाही, आणि पुढचं अक्षर देवनागरीत उमटतं. लिनक्सवर सिस्टिमचा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर ठेवून कंट्रोल-सी दाबलंत तर इमॅक्सला ते ‘कंट्रोल-म’ म्हणून ऐकू येतं, कारण इन्स्क्रिप्टमध्ये सीच्या जागी म आहे. कंट्रोल-म कोणत्याच चौकीच्या रजिस्टरात नाही.

उपाय इमॅक्समध्येच आहे. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीतच ठेवा आणि कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ‘देवनागरी-इन्स्क्रिप्ट’ किंवा ‘देवनागरी-आयट्रान्स’ निवडा. अक्षरं मराठीत उमटतात, कंट्रोल आणि मेटावाली बटणं मात्र इंग्रजीतच राहतात. ही निवडही बफरपुरती असते: एका बफरमध्ये मराठी, शेजारच्यात पायथन, दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. शोधताना मराठी शब्द टाइप करायचा असेल तर शोध चालू असतानाच पुन्हा कंट्रोल-बॅकस्लॅश.

पळून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

व्हीएस कोड या एडिटरमध्ये हा जाच नाही, असं ऐकून काही उमेदवार तिकडे जातात. तिथे चौक्या नाहीत, एक लांबलचक यादी आहे. प्रत्येक शॉर्टकटला ‘व्हेन’ नावाची अट जोडता येते: कर्सर एडिटरमध्ये असेल तर, सुचवण्यांची पट्टी उघडी असेल तर, फाइल पायथनची असेल तर. बटण दाबलं की यादी खालून वर वाचली जाते आणि जी पहिली नोंद अटीसकट जुळेल ती चालते. तुमच्या नोंदी यादीच्या तळाशी लागतात, म्हणून साधारणपणे तुम्हीच जिंकता. नवशिक्याशी यापेक्षा चांगलं वागणं मला दुसऱ्या एडिटरमध्ये दिसलेलं नाही, हे मान्य करायला हवं. ॲटम नावाच्या एडिटरमध्ये हद्द सीएसएस सिलेक्टरने ठरायची, म्हणजे शॉर्टकट का चालत नाही हे शोधायला वेब डिझायनर लागायचा. गिटहबने १५ डिसेंबर २०२२ रोजी तो बंद केला.

स्वाध्याय

१. कारणे द्या: ‘ग्लोबल-सेट-की’ने बांधलेलं बटण ऑर्गमध्ये चालत नाही.

२. योग्य की अयोग्य ते लिहा: ‘लोकल-सेट-की’ स्थानिक असते. (उत्तर काहीही लिहिलं तरी अर्धा गुण.)

३. तुमच्या इनिट फायलीतून दुसऱ्याच्या फायलीतून उचललेल्या ओळी वेगळ्या काढा. उरलेल्या ओळी मोजण्याची गरज नाही.

४. प्रात्यक्षिक: कंट्रोल-जी हे बटण चालू असलेलं काहीही सोडून देण्यासाठी असतं. कंट्रोल-एच आणि के दाबा. इमॅक्स विचारेल, कोणत्या बटणाची माहिती हवी? तुमचा विचार बदलला आहे, म्हणून कंट्रोल-जी दाबा. पडद्यावर कंट्रोल-जीची सविस्तर माहिती का आली ते दोन वाक्यांत लिहा.